हरकती व सूचना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी शेंडीला एका मित्राकडे गेलो होतो. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाला लागून असलेलं गाव. आपण ‘भंडारदऱ्याला जाऊन आलो’ म्हणतो तेव्हा चहा बहुधा शेंडीतच प्यायलेला असतो. पाऊस ओसरत आला होता. धरण भरलेलं होतं आणि समोरच्या डोंगरावरून ढग उतरून पाण्याला टेकले होते. कवी माणसाला आणखी काय हवं? पण त्या दोन दिवसांत माझ्याकडून कवितेची एकही ओळ झाली नाही. लिहिला तो एक अर्ज. त्या अर्जाची ही हकिकत आहे, आणि त्याच्या निमित्ताने शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं, त्या वर्षांचीही.

हा मित्र कॉलेजातला. संगमनेरला आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. तो महादेव कोळी समाजातला, आदिवासी वसतिगृहात राहून शिकणारा; मी एका मणियाराचा, म्हणजे बांगड्या विकणाऱ्याचा मुलगा. त्याचा विषय इतिहास, माझा मराठी. बी. ए. झाल्यावर मी नोकरीला लागलो, तो गावी परतला. घरचं भात, थोडी नागली, हंगामात हिरडा गोळा करणं असं चालत आलेलं होतं. गेली दहा-बारा वर्षं तो पाण्याकाठी आठ तंबू लावतो. वहिनी स्वयंपाकाचं बघतात. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात, शेकोटी पेटवतात, गावरान कोंबडी खातात आणि सोमवारी उजाडायच्या आत निघून जातात. त्या आठ तंबूंवर त्याच्या दोन मुलांचं शिक्षण झालं.

रात्री जेवणं झाल्यावर त्याने कागदांची एक जुडी माझ्यापुढे ठेवली. राजूरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून छापून आणलेली.

‘कवी, हे वाच आणि मराठीत एक हरकत लिहून दे. मुदत संपायला आठच दिवस राहिलेत.’

मी पाहिलं. भारत सरकारचं राजपत्र, ३१ जुलै २०२४चा मसुदा. आधी हिंदी, मग इंग्रजी. पश्चिम घाटातला मोठा पट्टा पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरवायचा, असा तो मसुदा होता. सहा राज्यांतली मिळून सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर जमीन, त्यात महाराष्ट्राची १७,३४०. तालुक्यांच्या यादीत आपला अकोले. आणि सुरुवातीलाच ते ठरावीक वाक्य, की ज्या कोणाला हरकत घ्यायची किंवा सूचना करायची असेल त्याने साठ दिवसांच्या आत दिल्लीच्या पत्त्यावर लेखी पाठवावी किंवा ई-मेल करावा.

दोन तास मी ते वाचत बसलो. माझं इंग्रजी बी. ए.पुरतं, आणि सरकारी हिंदी त्याहून अवघड. खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा बंद. नवे औष्णिक वीजप्रकल्प नाहीत. जास्त प्रदूषण करणारे, ज्यांना सरकारी भाषेत लाल गटातले म्हणतात, ते नवे कारखाने नाहीत. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं नाहीत, नव्या वसाहती नाहीत. शेवटी मान वर करून मी म्हणालो, ‘अरे, यात तुझं काहीच नाही. तुझे आठही तंबू मिळून हजार चौरस मीटर भरणार नाहीत.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मग आमचं जे आहे, ते कुठं लिहिलेलं असतं?’

‘आमचं’ म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ओट्यावर कळलं. तंबूवाले दोघे-तिघे आले, एक जीपवाला आला, एक खाणावळ चालवणारी बाई आली, आणि रतनवाडीच्या बाजूचा एक पोरगा आला, जो पर्यटकांना रतनगडावर नेतो. भंडारदऱ्याभोवतीचा बराच मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ते १९८६ साली जाहीर झालं. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. पाण्याकाठची जमीन पाटबंधाऱ्याची, रस्ता आणखी कुणाचा, गावठाण ग्रामपंचायतीचं. धंदा एक आणि दारं चार. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस पडायच्या आधी, इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लागतात. अख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. ते पाहायला गाड्यांची रांग लागते. वर्षाची निम्मी कमाई या तीन आठवड्यांची. आणि याच काळात रात्रीच्या प्रवेशाच्या वेळा, गाड्यांचे दिवे, आवाज, थांबायच्या जागा यांचे नियम येतात.

मला वाटलं, आता नियमांविरुद्ध ओरड ऐकायला मिळणार. तसं झालं नाही. खाणावळवाल्या बाई म्हणाल्या, ‘भाऊ, काजवा जमिनीवर पण असतो. पोरं अंधारात चालत्यात, पायाखाली जातो. गाडीचा उजेड पडला की झाड विझतं. नियम पाहिजेच.’ शास्त्रही तेच सांगतं. काजव्यांचा उजेड ही नर-मादीची एकमेकांना दिलेली हाक असते. दुसऱ्या उजेडात ती हरवते. जीपवाल्याचं म्हणणं होतं, की नियम करा पण पावसाळ्याआधी दोन महिने सांगा. आगाऊ पैसे घेऊन बसल्यावर शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर कळतं की आता अमुक वाजेनंतर आत जाता येणार नाही. वाटाड्या पोरगा म्हणाला, आम्हाला कुणी विचारलं असतं तर गाड्या कुठं अडवायच्या ते आम्हीच सांगितलं असतं. ‘झाडं आम्हाला ठाऊक आहेत, की त्यांना?’

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्य करताना लोकांच्या जमिनीवरचे, चराईचे हक्क नोंदवायची रीत आहे, आणि त्याची दवंडी गावोगाव प्रादेशिक भाषेत द्यावी असं कलमच आहे. पण अभयारण्य एकदा झालं, की आत कोणी, कधी, कोणत्या अटीवर जायचं हे परवानगीचं काम. त्यासाठीच्या आदेशाचा मसुदा आधी छापावा, लोकांचं म्हणणं मागवावं, असं बंधन नाही. म्हणजे ज्यात त्याचं काही नव्हतं ते सरकार त्याला विचारत होतं, आणि ज्यावर त्याची चूल पेटते ते विचारण्याची कायद्याला गरजच वाटलेली नव्हती.

‘हरकती व सूचना’ या शब्दांचा जन्म कुठला? १८९७ साली जनरल क्लॉजेस ॲक्ट नावाचा कायदा झाला. नाव रुक्ष आणि मजकूर त्याहून रुक्ष. त्याच्या तेविसाव्या कलमात म्हटलं आहे, की ज्या कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असेल तिथे नियमाचा मसुदा आधी छापायचा, तारीख द्यायची, आणि त्या तारखेपर्यंत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या. विचारात घ्यायच्या, एवढंच. मानायच्या असं नाही. गंमत अशी की त्याच वर्षी साथरोगांचा कायदाही झाला, ज्याच्या जोरावर प्लेगच्या दिवसांत सरकारी माणसं न विचारता घरात शिरत होती. विचारण्याचा कायदा आणि न विचारण्याचा कायदा एकाच सालचे.

आणि तेच साल दुष्काळाचं. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९००. नगर जिल्ह्याची त्या दोन दुष्काळांनी काय दशा केली ते जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेली पिढी आता उरली नाही. त्यानंतर १९०१ साली सरकारने पाटबंधाऱ्यांसाठी आयोग नेमला, आणि दख्खनच्या अवर्षणी भागाला पाणी द्यायचं तर सह्याद्रीच्या माथ्याशी, जिथे पाऊस पडतो तिथे, धरणं बांधली पाहिजेत हा विचार पक्का झाला. प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम १९१० साली सुरू झालं. २७० फूट उंचीची दगडी भिंत, पोटात ११ टीएमसी पाणी. त्या काळी देशातलं सर्वांत उंच धरण म्हणून त्याची ख्याती होती. १९२६च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं आणि धरणाला त्यांचंच नाव मिळालं, विल्सन डॅम.

धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना कुणी विचारलं का? मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण कायद्याचं पुस्तक उघडून पाहता येतं. जमिनी घेतल्या जात १८९४च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्यात मोजणी आणि मोबदला याबद्दल बोलायची सोय होती. ‘माझी जमीन घेऊच नका’ असं म्हणण्याची नव्हती. हरकत घेण्याचा आणि ती ऐकून घेतली जाण्याचा हक्क देणारं कलम ५-अ त्या कायद्यात घातलं गेलं १९२३ साली. तेव्हा भंडारदऱ्याच्या कामाला तेरा वर्षं झाली होती. याच काळात, १९२१ साली, तिकडे मुळशीला सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला होता. मुळशीचं नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. भंडारदऱ्याच्या पाण्याखाली गेलेल्या वावरांचं नाव कुणाला ठाऊक नाही. मुळशी पुण्याजवळ होती आणि पुण्यात वर्तमानपत्रं होती, एवढा फरक मला दिसतो.

आता पाण्याबरोबर खाली उतरू. भंडारदऱ्याचं पाणी रंध्याच्या धबधब्यावरून नदीने खाली येतं, संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्याशी अडतं, आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांत शिरतं. तिथली गोष्ट अगदी निराळी आहे. तिथे सरकारला विचारावंच लागलं, कारण सरकार अडचणीत होतं. कालवे बांधले होते दुष्काळ निवारायला, पण दुष्काळ नसेल तेव्हा ज्वारी-बाजरीवाला शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेईना. खर्च निघायचा तर ऊस हवा. त्याआधी नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत बसवली होती. पाणी एकाच गावाला मुरवायचं नाही, गावोगाव गट पाडायचे, गटातल्या ठरावीक हिश्श्यात ऊस आणि बाकीच्यात इतर पिकं घ्यायची. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला, मग समजूत पटली. पाण्याचा दर, ब्लॉकची मुदत, पाळी कधी येणार, या सगळ्यावर कालव्याखालचा बागाईतदार बोलत राहिला. तो पाणीपट्टी भरत होता, म्हणून त्याचं ऐकून घेतलं जात होतं.

तरी खालीही सगळ्यांचं चालत नव्हतं. १९२०च्या सुमारास बेलापूर कंपनी आली, हरेगावला साखर कारखाना निघाला. कारखान्याला सलग जमीन हवी, म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या. पुढे १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला, १९६३ साली शेती महामंडळ निघालं, आणि खंडाने दिलेल्या जमिनी तिकडे गेल्या. ‘खंडकरी’ हा शब्द श्रीरामपूरकडे आजही नुसता उच्चारला तरी म्हातारी माणसं सरसावून बसतात. जमिनी परत मिळू लागेपर्यंत २०१२ साल उजाडलं. नव्वद वर्षं म्हणजे चार पिढ्या.

१९३०च्या मंदीत गुळाचे भाव कोसळले. त्याच वेळी परदेशी, मुख्यतः जावाच्या साखरेपुढे देशी कारखाने टिकेनात. सरकारने टॅरिफ बोर्ड नेमलं, बोर्डाने प्रश्नावल्या काढल्या, साक्षी घेतल्या, आणि १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. ही आपल्या विषयातली नमुनेदार घटना. व्यापाऱ्यांनी मत दिलं आणि सरकारने धोरण बदललं. पण प्रश्नावली इंग्रजी होती. कंपनीच्या कचेरीत ती भरायला माणसं होती. गुऱ्हाळावर काहिलीशी उभा राहून ढेपा पाडणाऱ्याकडे ती गेली असती तरी त्याने तिचं काय केलं असतं? गूळ हाही धंदाच होता. त्यात भांडवल होतं, जोखीम होती, मजूर होते. पण धंदा म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. मग युद्धकाळात साखरेवर आणि गुळावर सरकारी नियंत्रण आलं, आणि त्याला एकाएकी कळलं की आपण सरकारच्या वहीत आहोत.

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खनच्या कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. गोखले अर्थशास्त्र संस्थेतला विद्वान माणूस, आणि समोर धोतर-पटक्यातले ऊसवाले. साखर कारखाना कंपनीचाच का असावा, आपला का नको, हा विचार तिथे बोलला गेला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भाग भांडवल जमवलं, मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहतांनी पाठबळ दिलं, आणि १९५० साली लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. गाडगीळच त्याचे पहिले अध्यक्ष. सरकारी धोरणावर नुसतं मत न देता ऊसवाल्यांनी धोरणाला आपला कारखाना दाखवला. पुढे साऱ्या महाराष्ट्राचं सहकाराचं धोरण त्याच्याकडे बघून आखलं गेलं. पाणी वाटपाचा प्रश्न आला, २००५चा जलसंपत्ती नियमनाचा कायदा झाला, जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडायचे आदेश निघाले, तेव्हा आमच्या जिल्ह्यातले कारखाने वकील देऊन न्यायालयात उभे राहिले. योग्य की अयोग्य, तो वाद निराळा. मराठवाड्याच्या श्रोत्यांना माझं म्हणणं आवडणार नाही, म्हणून मी ते सांगत नाही. सांगायचं एवढंच, की ऐंशी-नव्वद किलोमीटर खाली गेल्यावर तेच पाणी बोलायला लागतं.

आणि आता एक योगायोग. धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ. २०१० साली केंद्र सरकारने पश्चिम घाटासाठी तज्ज्ञांची समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्ष तेच झाले. २०११ साली अहवाल दिला गेला. जपणूक कशी करायची हे वरून लादू नका, ग्रामसभांना विचारा, अहवाल स्थानिक भाषांत न्या, असं त्यांचं सांगणं होतं. पण अहवाल लोकांपुढे यायलाच २०१२ उजाडलं, तेही माहितीच्या अधिकारात प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. २०१३ साली कस्तुरीरंगन समितीचा दुसरा अहवाल आला. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहाव्याची प्रत माझ्या मित्राच्या हातात होती. बापाने ज्या नदीच्या खालच्या टोकाला लोकांना बोलतं केलं, तिच्या वरच्या टोकाला लोकांना विचारा असं मुलगा सांगत राहिला. लोणीला जे झालं ते शेंडीला होईना.

भाषेचा प्रश्न मी कवी आहे म्हणून काढतो असं समजू नका. २०२० साली पर्यावरणीय परवानग्यांच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की तो आठव्या परिशिष्टातल्या बावीसही भाषांत द्यावा. न्यायालयाला ते सांगावं लागलं, यातच सगळं आलं. अकोल्याच्या पश्चिमेला तर पेसा कायदाही आहे, १९९६चा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. ग्रामसभा हा तिथला कणा. ग्रामसभा मराठीत भरते, आणि भांडण जोरात आलं की मराठीच्याही डोंगरी बोलीत.

इथे मला माझ्या अब्बांची आठवण येते. ते बांगड्यांचा डबा आणि पथारी घेऊन आठवडी बाजार करायचे. एका बाजारात (गावाचं नाव घेत नाही) बाजारपट्टीचा ठेका नव्या माणसाने घेतला आणि पहिल्याच आठवड्याला पट्टी दुप्पट मागितली. अब्बा म्हणाले, नियम दाखवा. ठेकेदार म्हणाला, नियम मीच. अब्बा भांडखोर नव्हते. त्यांनी शेजारचा तांबोळी, एक शिंपी, भांडीवाला कासार आणि दोन भाजीवाल्या मावश्या अशी मंडळी बरोबर घेतली आणि सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसले. तीन बाजार गेले. चौथ्या बाजाराला चावडीपाशी एक काळा फळा लागला आणि त्यावर खडूने पथारीचे दर लिहिले गेले. दर जवळजवळ दुप्पटच होते! अम्मी म्हणाल्या, मग मिळवलंत काय? अब्बा म्हणाले, ‘आता तो अडीचपट मागू शकत नाही.’ प्रत्येक बाजाराची पावती ते एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. ते गेल्यावर डबा उघडला तर आत वीस-बावीस वर्षांच्या पावत्या निघाल्या, रंग उडालेल्या, काहींवरचा आकडाही न दिसणाऱ्या.

तर शेंडीच्या ओट्यावर आम्ही अर्ज लिहायला बसलो. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेली आमची वाडी’ असं एक वाक्य होतं. मित्राने ते खोडलं. म्हणाला, ‘कुशीत वसलेली पर्यटकांना सांगायची. दिल्लीला सर्व्हे नंबर सांग.’ मग खाणी आणि दगडखाणी बंद करण्याला आमची हरकत नाही, उलट पाठिंबा आहे, असं लिहिलं. यावर एक तंबूवाला अडला. त्याचा मेहुणा खडी पुरवतो. बरीच वादावादी झाली आणि अखेर पाठिंब्याचं वाक्य राहिलं, फक्त ‘घरबांधणीपुरता दगड वगळून’ एवढं जोडलं गेलं. मसुदा मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि त्यानंतर मुदत मोजावी, हे लिहिलं. शेवटी, हा विषय या मसुद्यात येत नाही हे मान्य करून, काजव्यांच्या काळातले आणि पाण्याकाठच्या तंबूंचे नियम दरवर्षी फेब्रुवारीच्या ग्रामसभेत ठेवावेत अशी सूचना केली. मी म्हणालो, हे विषयाला सोडून आहे, ते बाजूला टाकतील. खाणावळवाल्या बाई म्हणाल्या, ‘टाकू द्या. वाचल्याशिवाय तर टाकता येणार नाही?’

सह्या घ्यायची वेळ आली. वहिनींनी पहिली केली. खाणावळवाल्या बाईंनी सावकाश, जोडाक्षर दोनदा गिरवून केली. एका म्हाताऱ्या तंबूवाल्याने अंगठा दिला. जीपवाला मात्र उठून उभा राहिला. सगळ्यात जास्त तोच बोलला होता. ‘मला सोडा,’ म्हणाला, ‘माझी गाडी रोज त्याच नाक्यावर उभी राहते.’ कुणीच त्याला आग्रह केला नाही. त्यानेच आम्हाला अर्ज घेऊन राजूरला सोडलं आणि भाडं घेतलं नाही.

राजूरच्या पोस्टात रजिस्टर केलं, पोचपावतीसह. अकरा सह्या आणि एक अंगठा. काही आठवड्यांनी मित्राचा फोन आला. म्हणाला, ‘कवी, पोच आली. शिक्का आहे, सही आहे, नाव काही लागत नाही.’ मग जरा थांबून त्याने विचारलं, ‘तुझ्या अब्बांचा तो डबा केवढा होता रे?’